कुत्रा कोणाचा, शेळी कोणाची?

"मुकं जनावर आहे, त्याला काय कळतंय?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. ऐकायला ते दयेचं वाटतं. पण हे वाक्य कोण म्हणतं, याकडे जरा लक्ष द्या. ज्याची शेळी फाडली गेली तो कधी हे म्हणत नाही. ज्याच्या कुत्र्याने फाडली तोच म्हणतो. जनावराला कळत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणूनच तर प्रश्न जनावराला विचारायचा नसतो, मालकाला विचारायचा असतो. एका पाळीव जनावराने दुसऱ्याच्या पाळीव जनावराला जखमी केलं किंवा ठार केलं, तर कायद्याने जबाबदार कोण?

शहरात हा प्रश्न सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभा राहतो. एकाचा कुत्रा दुसऱ्याच्या कुत्र्याला चावतो, दवाखान्याचं बिल येतं, ग्रुपवर भांडण होतं. दोन्ही बाजू शिकलेल्या, दोघांकडे वकील. ते आपसात बघून घेतील. आमचा प्रश्न गावाकडचा आहे, जिथे एका बाजूला हौसेने पाळलेला कुत्रा असतो आणि दुसऱ्या बाजूला पोटासाठी पाळलेली शेळी असते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कामाच्या भागात घडलेली घटना सांगतो. बौद्धवस्तीतल्या एका विधवा ताईंकडे चार शेळ्या होत्या. जमीन नाही. दोन शेळ्या बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या, दोन त्यांच्याच पोटच्या. दुपारी ओढ्याकाठी चारून त्या शेळ्या घेऊन घराकडे निघाल्या होत्या. रस्त्याला लागून शहरातल्या एका माणसाचं फार्महाऊस आहे. तिथले दोन मोठे कुत्रे उघड्या फाटकातून बाहेर आले आणि शेळ्यांवर तुटून पडले. एक गाभण शेळी जागीच गेली. दुसरीची मागची मांडी फाटली. ताई दगड घेऊन धावल्या तेव्हा एक कुत्रा त्यांच्यावर उलटला. त्या पडल्या, पदर फाटला, कोपर सोलवटलं.

त्या पोलीस ठाण्यात गेल्या. पहिला प्रश्न आला, "माणसाला चावलं का?" चावलं नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग शेळ्या मोकळ्या कशाला सोडता?" आणि मग सल्ला, "गावातल्या गावात मिटवा." फार्महाऊसवाल्याने रखवालदाराच्या हाती दोन हजार रुपये पाठवले, आणि सोबत तेच वाक्य: मुकं जनावर आहे.

ठाण्यातल्या माणसाने जो पहिला प्रश्न विचारला, तो केवळ त्याच्या मनातला नव्हता. तो कायद्याच्या पोटातून आलेला प्रश्न आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाहा. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. पण धोका कोणाला असला पाहिजे? माणसाच्या जिवाला, किंवा गंभीर दुखापतीचा. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड एक हजारापर्यंत होता. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली, दंड वाढला, पण शेळी कलमाच्या बाहेरच राहिली.

मग शेळीसाठी काय आहे? कलम ३२५ आहे. एखाद्या जनावराला ठार मारून, विष देऊन, अपंग किंवा निकामी करून आगळीक करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आगळीक म्हणजे दुसऱ्याचं नुकसान व्हावं या हेतूने, किंवा ते होईल हे माहीत असताना केलेलं कृत्य. म्हणजे कोणी मुद्दाम कुत्रा अंगावर घातला तर हे कलम लागू शकतं. फाटक उघडं राहिलं, साखळी सैल होती, रखवालदार झोपला होता, एवढ्यावर ते लागत नाही. आणि मुद्दाम घातला हे सिद्ध कोण करणार? ओढ्याकाठी एकटी असलेली बाई?

या कलमाचा जुना अवतार तर वाचण्यासारखा आहे. १८६० च्या दंड संहितेत जनावरांचीही उतरंड होती. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांना मारलं तर त्यांची किंमत कितीही असो, शिक्षा मोठी. बाकीच्या जनावरांना त्या पंगतीत बसायला पन्नास रुपये किमतीची अट. त्याखाली दहा रुपयांची पायरी, तिथे शिक्षा कमी. आज दीडशे वर्षांनंतर नव्या संहितेने ही किमतीची पायरी काढून टाकली, हे चांगलंच झालं. पण हेतूची अट तशीच आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्यात करमणुकीसाठी जनावरांची झुंज लावणं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९५१ च्या पोलीस कायद्यात रस्त्यावर हिंस्र कुत्रा मुसकं न बांधता सोडणं आणि माणसावर किंवा दुसऱ्या जनावरावर कुत्रा सोडणं याला मनाई आहे. हा कायदा महाराष्ट्राचा आहे आणि रोजच्या वापरातला आहे. पण कुत्र्यासाठी तो वापरल्याचं आमच्या तालुक्यात आम्ही तरी पाहिलेलं नाही.

आता याच्या उलट बाजू बघू. हीच शेळी कोणाच्या शेतात शिरली असती तर काय झालं असतं?

त्यासाठी मात्र इंग्रजांच्या काळापासून चोख व्यवस्था आहे. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. दुसऱ्याच्या शेतात शिरून नुकसान करणारं गुरं शेतकऱ्याने धरायचं, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि खावटी भरून सोडवायचं. धरलेलं गुरं जबरदस्तीने सोडवून नेलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. 'गुरं' या शब्दाची व्याख्या या कायद्यात मोठी आहे. हत्ती, उंट, म्हैस, घोडा तर आहेतच, पण गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी आणि तिचं करडूसुद्धा आहे. डुकरांनी केलेल्या नुकसानीसाठी तर मालकाला दंड करणारं वेगळं कलम आहे. एवढ्या लांबलचक यादीत एक जनावर नाही. कुत्रा.

कोणी म्हणेल, कुत्रा पीक खात नाही, म्हणून तो यादीत नाही. बरोबर. हा कायदा पिकाच्या रक्षणासाठी आहे, म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या रक्षणासाठी. ज्याची सगळी मालमत्ता चार पायांवर चालते, त्याच्या मालमत्तेचं रक्षण करणारा कायदा याच्या जोडीला करावा असं त्यांना सुचलं नाही का? सुचलं होतं, पण स्वतःच्या देशापुरतं. १८६५ मध्ये इंग्लंडमध्ये कुत्र्यांविषयी कायदा झाला. कुत्र्याने कोणाची मेंढी किंवा गुरं जखमी केलं, तर मालकाने भरपाई द्यायची. कुत्रा आधीपासून खोडसाळ होता हे सिद्ध करण्याची गरज नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच राज्यकर्त्यांनी आपल्यासाठी कोंडवाड्याचा कायदा केला आणि कुत्र्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तिथे मेंढ्यांचे कळप जमीनदारांचे होते. इथे शेळ्या कोणाच्या होत्या? इंग्रज गेले त्यालाही आता पाऊणशे वर्षं झाली. आपल्या विधिमंडळात शेतकऱ्यांच्या मुलांची कधी वाण नव्हती. ही पोकळी मात्र कोणाला दिसली नाही.

ती न भरल्याचा परिणाम असा. दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाबद्दल भरपाईचा दावा करता येतो. आपल्याकडे अपकृत्याचा कायदा एका जागी लिहिलेला नाही. जुन्या इंग्रजी तत्त्वांवर आणि निवाड्यांवर तो चालतो. त्या जुन्या तत्त्वांनुसार माणसाळलेल्या जनावराचा मालक तेव्हा जबाबदार, जेव्हा ते जनावर अंगावर जाणारं आहे हे त्याला आधी माहीत होतं, किंवा त्याने काळजी घेण्यात कसूर केली होती. सोप्या भाषेत, "आमचा कुत्रा आजवर कोणाला चावला नाही" हे मालकाचं उत्तर त्याला बराच आधार देतं. त्याला काय माहीत होतं, हे ताईंनी सिद्ध करायचं. फार्महाऊसच्या कुंपणाआडचा कुत्रा आधी कसा वागत होता, हे बाहेरच्या बाईला कसं कळणार?

याच तालुक्यात बिबट्याने शेळी मारली असती तर काय झालं असतं? वन विभागाचा माणूस येतो, पंचनामा होतो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि सरकारी निर्णयाप्रमाणे भरपाई मिळते. उशीर होतो, कागदं लागतात, पण वाट आहे. बिबट्याला मालक नाही म्हणून सरकार जबाबदारी घेतं. कुत्र्याला नाव आहे, गळ्यात पट्टा आहे, मालक आहे, तरी जबाबदारी कोणाचीच नाही. शेळी पाळणाऱ्या बाईने मग काय प्रार्थना करायची? येणार असेल तर बिबट्याच येवो?

शेळी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगावं लागतं. मुलाची फी भरायची, एक बोकड विका. बाळंतपण निघालं, पाट विका. म्हणून वस्तीतली माणसं तिला आपलं एटीएम म्हणतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात त्या एक कोटीहून जास्त होत्या. ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे, त्यांच्या संसाराला या शेळ्यांचा मोठा आधार असतो. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, आणि त्यातही बायका. कागदावर नवऱ्याचं घर, सासऱ्याचं शेत. बाईचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ती शेळी. अशा शेळीची किंमत बाजारभावाने ठरवली तरी ती कमीच भरते, कारण गाभण शेळीबरोबर पुढच्या दोन वर्षांची करडंही जातात.

काही मित्र म्हणतील, कुत्रा-शेळीच्या भांडणात जात कशाला आणता? जात आम्ही आणत नाही. ती तिथे आधीच बसलेली आहे.

हरियाणातलं मिर्चपूर आठवा. एप्रिल २०१० मध्ये वाल्मीकी वस्तीतला एक कुत्रा रस्त्याने जाणाऱ्या जाट तरुणांवर भुंकला. चावला नाही, भुंकला. त्यावरून वाद झाला आणि २१ एप्रिलला जमावाने वस्तीवर हल्ला केला. घरं जाळली. एक वृद्ध माणूस आणि त्याची अपंग मुलगी जळून मेली. अनेक कुटुंबांनी गाव सोडलं ते परत आलंच नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकूण ३३ जणांना दोषी ठरवलं. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही, मुकं जनावर आहे, त्याला काय कळतंय?

गुजरातमधलं उना आठवा. जुलै २०१६. मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून लोखंडी नळ्यांनी मारलं. ती गाय सिंहाने मारली होती, असं पुढे तपासात आलं. शिकार सिंहाची आणि शिक्षा आमच्या पोरांना.

या दोन घटना आणि आमच्या तालुक्यातली घटना शेजारी ठेवा. आमचा कुत्रा भुंकला तर आख्खी वस्ती जबाबदार. त्यांच्या कुत्र्याने आमची शेळी फाडली तर कोणीच जबाबदार नाही. जनावराची मालकी त्यांची आणि ते मेलं की ओढायची जबाबदारी आमची, ही गावगाड्याची जुनी रीत होती. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं, मृतमांस खाणं सोडा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी या वाटणीवरच घाव घातला. त्याच महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती आणि माणसाला बंदी होती. म्हणून जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आम्ही निव्वळ कायद्याचा मानत नाही. त्याचं उत्तर आजवर जनावराच्या दातांवरून ठरलेलं नाही, मालकाच्या जागेवरून ठरलेलं आहे.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप, शेळी मोकळी का सोडली? शेळी मोकळी नव्हती, मालकीण सोबत होती आणि रस्ता सार्वजनिक होता. समजा ती फार्महाऊसच्या आवारात शिरली असती, तर गोष्ट वेगळी. इंग्लंडच्या १९७१ च्या कायद्यात यासाठी सरळ नियम आहे. कुत्र्याने कोणाचं पाळीव गुरं मारलं तर कुत्रा पाळणारा जबाबदार. मात्र गुरं भरकटून दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं असेल आणि कुत्रा त्या जमीनवाल्याचाच असेल, तर जबाबदारी नाही. हा नियम आम्हाला न्याय्य वाटतो. आपल्या आवारात तुमचा कुत्रा राजा. फाटकाबाहेर आला की जबाबदारी तुमची.

दुसरा आक्षेप, गावात मिटवा, कोर्टकचेरी कशाला? २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, समित्या आहेत. भांडण मिटावं असं आम्हालाही वाटतं. पण मिटवणाऱ्यांच्या पंगतीत कोण बसतं? १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी गावपंचायतीच्या हाती न्यायदान सोपवायला विरोध केला होता. जातीपातीत वाटलेल्या गावात पंच तटस्थ राहू शकत नाही, हे त्यांना माहीत होतं. फार्महाऊसवाला गावाला कमान बांधून देतो, सप्त्याला वर्गणी देतो, चार पोरांना काम देतो. शेळीवाली त्याच्याच बांधाकडेला चारा कापते. या दोघांत जी तडजोड होते, ती एकाची सोय आणि दुसरीची लाचारी असते.

तिसरा आक्षेप, तुम्ही कुत्र्यांचे शत्रू आहात का? मुळीच नाही. आमच्या वस्त्यांत प्रत्येक गल्लीत कुत्रे आहेत आणि अर्ध्या भाकरीवर ते आमच्या दारात रात्रभर जागतात. आम्ही पंचशील घेतलेली माणसं आहोत. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही उपचारांची सोय केल्याचं कोरलेलं आहे. ती करुणा शेळीलाही लागू आहे, कुत्र्यालाही. कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधून चिडका करायचं आणि एक दिवस फाटक उघडं ठेवायचं, यात कुत्र्यावर कसलं प्रेम आहे? आणि हा नियम आमच्यालाही लागू आहे. वस्तीतल्या कोणाच्या कुत्र्याने शेजाऱ्याच्या कोंबड्या मारल्या, तर त्याने भरून द्याव्यात. जबाबदारी मागणाऱ्याने ती घ्यायलाही तयार असलं पाहिजे.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना मालक नाही. त्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे. वर्तमानपत्रांत आणि कोर्टांत सगळी चर्चा त्यांच्याभोवती फिरते आणि मालक असलेला कुत्रा तेवढ्यात निसटून जातो.

ताईंच्या प्रकरणात पुढे काय झालं ते सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येतं. नोटीस गेल्यावर फार्महाऊसवाल्याचा सूर बदलला. तो शेळीची किंमत आणि दुसरीच्या उपचाराचा खर्च द्यायला तयार झाला. पण त्याने जो कागद करून आणला त्यात लिहिलं होतं, "माणुसकीच्या नात्याने मदत." ताई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांनी कागद वाचला आणि सही केली नाही. "मदत नको. भरपाई लिहा," म्हणाल्या. पैसे तेवढेच होते. फार्महाऊसवाल्याला एका शब्दासाठी दोन तारखा लागल्या. तिसऱ्या तारखेला "भरपाई" लिहिलं गेलं.

काहींना हा हट्ट वाटेल. आम्हाला तो सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि घेणाऱ्याने हात जोडायचे असतात. भरपाई देणं लागतं. जो भरपाई देतो तो मान्य करतो की चूक माझी होती आणि पुढच्या वेळी फाटक मी बंद ठेवीन. त्या फाटकाला आता आतून कडी आहे.

अशी वेळ कोणावर आली तर काय करायचं, हे कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावं.

एक, मेलेलं जनावर लगेच पुरू नका. फोटो काढा, जागा दिसेल असे. जखमी जनावर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, जखमेचा आणि मृत्यूच्या कारणाचा लेखी दाखला मागा. कुत्र्याच्या चाव्यातून रेबीज शेळीलाही होतो, तेव्हा लसीचंही विचारा.

दोन, पोलीस पाटील, तलाठी किंवा ग्रामपंचायतीकडून पंचनामा करून घ्या. आठवडी बाजारात तशा शेळीचा काय भाव आहे, त्याची पावती किंवा व्यापाऱ्याचा जबाब ठेवा.

तीन, पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माणूस सोबत होता, कुत्रा माणसावरही आला, असं घडलं असेल तर ते आवर्जून लिहा, कारण तिथे कलम २९१ चा विचार होऊ शकतो. ताईंच्या तोंडी तक्रारीत नेमकं हेच नोंदवलं गेलं नव्हतं. पण न घडलेलं एक अक्षरही लिहू नका.

चार, कुत्रा चुकून सुटला तर तो ॲट्रॉसिटीचा गुन्हा होत नाही, आणि आपण तसा आरोप करू नये. पण गायरानातून, पाणवठ्यावरून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून आपल्याला हुसकावण्यासाठी कोणी मुद्दाम कुत्रे सोडत असेल, तर गोष्ट वेगळी. सामायिक साधनं आणि रस्ते वापरण्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणं हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट गुन्हा आहे.

पाच, रागाच्या भरात कुत्र्याला विष घालू नका. तो प्राणी निर्दोष आहे. शिवाय कलम ३२५ मध्ये विष देणं हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. शेळी मेली तेव्हा न हललेली यंत्रणा त्या दिवशी वस्तीत धावत येईल.

हे झालं आहे त्या कायद्यात. पण प्रत्येक शेळीमागे कार्यकर्ता, वकील आणि तीन तारखा उभ्या करता येत नाहीत. म्हणून कायदाच बदलला पाहिजे, आणि ते महाराष्ट्राच्या हातात आहे. कोंडवाडे आणि गुरांचं अतिक्रमण हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहे. दाव्यास पात्र अपकृत्यं समवर्ती सूचीत आहेत. दिल्लीकडे बोट दाखवायची सोय कोणत्याही सरकारला नाही. याच राज्याने २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी कडक केली आणि बैल कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. बैलासाठी जी तत्परता दाखवली, तिचा चौथा हिस्सा शेळीसाठी दाखवा.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. पाळीव कुत्र्याने मालकाच्या आवाराबाहेर दुसऱ्याचं पाळीव जनावर मारलं किंवा जखमी केलं, तर मालकाने भरपाई द्यावी. कुत्र्याचा स्वभाव त्याला आधी माहीत होता की नाही, हा प्रश्न येऊ नये. वन विभागाच्या धर्तीवर ठरावीक मुदतीत पंचनामा आणि पशुवैद्यकीय दाखला सक्तीचा असावा. महानगरपालिकांत कुत्र्याचा परवाना लागतो, तशी फार्महाऊस आणि बंगल्यांतल्या कुत्र्यांची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. वस्तीतल्या कुत्र्यांना मात्र लस मोफत मिळावी, नोंदणीच्या नावाखाली गरिबावर दंड नको. आणि भरपाई गावकीच्या मर्जीवर न सोडता ज्याच्या निर्णयावर अपील करता येईल अशा अधिकाऱ्याने ठरवावी.

कुत्रा-शेळीचा प्रश्न लहान आहे, असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. ज्याच्या घरात चारच शेळ्या आहेत त्याला विचारा, लहान कोणाला म्हणायचं. येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा, तो इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत आपल्या आमदाराला द्या.

जय भीम!